बाबांची हिंदुस्थानी वेल

जपान, मार्च ३, तैशो १० (१९२१)

दादाने आजही ऐकवलं — "गिरणीचं छापील कापड स्वस्त मिळतं, तुझे कागदी साचे कोणाला हवेत?" आणि वर हसला. मे महिन्यापर्यंत माझा साचा झाला नाही तर निळीचे रांजण बुजवणार म्हणे. बाबांचे सगळे साचे पुरात गेले. उरली फक्त आईच्या रजईची निळी खोळ. तिच्यावरच्या छापावरून मी बाबांची वेल कागदात पुन्हा कापणारच!

मार्च ५

तळहाताएवढ्या हिंदुस्थानी चिंधीवरून बाबांनी ही वेल काढली. तसलं फूल त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही, मग पानं खुशाल शेवंतीची लावली. चिंधी लाल होती, पण आमच्या रांजणात नीळच.

मार्च ९

डोकं फिरलं. साचा हातभर, तोच पुढे सरकवत थानभर खळ लावायची, म्हणजे तेवढ्या जागी नीळ चढत नाही. पण एक ठसा कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, कळतच नाही. बाबांनी सांधा दिसूच दिलेला नाही. कशाला एवढी सफाई!

मार्च १२

किनूवहिनीने खोळ उसवली! आठवा महिना लागलाय, बाळाचे लंगोट करणार आहे. दादा म्हणतो, "जुनं निळं कापड मऊ असतं, तुझेही असेच होते." ते आईचे टाके होते. आई गेल्यापासून दोन वर्षं मी त्यांना बोट लावलं नाही, आणि हिने सकाळभरात सगळे काढले. मी तोंडावर म्हटलं, "परक्या घरची ती परकीच." ती उसवलेलं कापड गोळा करून आत गेली.

मार्च १३

जेवले नाही. वहिनीने दाराशी मुळ्याचं सार ठेवलं. निवू दिलं.

मार्च १४

दादा बाजारात गेल्यावर वहिनी खोळीच्या उसवलेल्या चारही पट्ट्या घेऊन आली. एकही कापलेली नाही. शिवणीत दुमडलेले काठ उलगडून म्हणाली, "हे बघा वन्सं, ठिपके." साचा पुन्हा कुठे टेकवायचा ते सांगणाऱ्या बाबांच्या जोडखुणा — प्रत्येक ठशाच्या सुरुवातीला, स्वच्छ!

"आई दरवर्षी खोळ उसवूनच धुवायच्या. तुम्ही टाके पुजत बसलात. साच्यासाठी हवी म्हटलं असतं तर ह्यांनी उसवू दिली नसती, म्हणून लंगोट म्हटलं."

मला मान वर करवेना. कशीबशी माफी मागितली.

"ती नंतर. आधी वेल उतरवून घ्या," ती म्हणाली, "लंगोट मला खरंच हवेत."