बटण दाबून गप्प राहणारं कुणीतरी

नाशिक रोड,
रविवार, १७ नोव्हेंबर २००२

प्रिय स्नेहल,

सप्रेम जयभीम.

किशोरदादाशी लग्न झाल्यापासून तुला वहिनी म्हणायचं, असं मावशीने मला बजावलं आहे. पण लिहायला बसलं की कॉलेजच्या बाकावरची स्नेहलच डोळ्यांसमोर येते. तेव्हा ते राहू दे. भुसावळला थंडी पडली का? किशोरदादाच्या ड्यूटीच्या वेळा बदलल्या की अजून तशाच?

इकडची मोठी बातमी म्हणजे मी स्वतःचा हॅम रेडिओचा हँडसेट घेतला. सेकंडहँड आहे. एक कोपरा फुटलेला, तिथे चिकटपट्टी लावली आहे. आवाजाचं बटण फिरवलं की आधी शिंकतं आणि मग चालतं. पण माझ्या शाळेतल्या पगारात बसला, आणि परवान्यावर माझं नाव आहे. आई म्हणाली, "लोकांच्या पोरी पहिल्या पगारात कानातलं करतात, आमची बोंबलायचं यंत्र घेऊन आली." बाबांनी मात्र तो उलटापालटा करून नीट पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यावर कुणीही कुणाशी बोलू शकतं?"

"परवाना असलेलं कुणीही."

"आणि आडनाव?"

"आडनाव नसतं, बाबा. नुसती अक्षरं आणि एक आकडा. तीच आपली ओळख."

बाबा कितीतरी वेळ हसत होते. मग शेजारच्या कोंडाजीकाकांना हाक मारून बोलावलं आणि त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं. स्नेहल, घरात पहिली पदवी मी आणली तेव्हासुद्धा ते इतके खूश झाले नव्हते.

शनिवारी वस्तीतल्या मुलींना मोर्सची टकटक लिपी शिकवायला लागले आहे. तुझ्या दादाने आपल्याला शिकवलं होतं तसंच, टेबलावर चमचा वाजवून.

एक गोष्ट लिहावी की नाही, हे ठरत नव्हतं. लिहिते.

डोंगरावरचा आपला रिपीटर तुला आठवत असेल. किशोरदादाला सांगायचं तर, आपल्या छोट्या सेटचा क्षीण आवाज ते यंत्र उचलतं आणि जिल्हाभर पोहोचवतं. कुणी बटण दाबून सोडलं की ते स्वतःची ओळख सांगतं, "नमस्कार, नाशिक रिपीटर." ती ओळख अजून तुझ्या दादाच्याच आवाजात आहे. चांदोरी फाट्याजवळच्या ज्या अपघातात तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील, पण त्याचा आवाज भरलेली चिप कुणी बदलली नाही. क्लबातले म्हणतात, सवय झाली आहे. मला झालेली नाही. मी शक्यतो दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर असते.

तर गेला महिनाभर दिवेलागणीला कुणीतरी बटण दाबतं आणि बोलत नाही.

खरखर एकदम थांबते. शांतता पसरते, पण ती रिकामी नसते. तिच्यात कुणीतरी श्वास घेत असतं. लांब कुठेतरी पाण्याचं इंजिन चालू असतं. एकदा भांडं ठेवल्यासारखं वाजलं. मग बटण सुटतं, आणि तुझा दादा म्हणतो, "नमस्कार, नाशिक रिपीटर." थोडा वेळ जातो. पुन्हा शांतता, पुन्हा तो श्वास, पुन्हा तुझा दादा. जणू दोघं बोलत बसले आहेत आणि त्यातल्या एकाला एकच वाक्य येतं.

क्लबाचे सचिव मनोज सर आधी हसले. "भुताला परवाना लागत नाही वाटतं!" मग गंभीर झाले. बिनपरवाना बटण दाबणं हा गुन्हा आहे. पुढच्या पावसाळ्यात सिंहस्थ आहे, लाखो माणसांत आपले स्वयंसेवक ह्याच यंत्रावर बोलणार, तेव्हा मध्येच कुणी असं बटण दाबून बसलं तर? त्यांचं बरोबर आहे. शोधायचं काम माझ्याकडे आलं. नवा सेट, नवा उत्साह, म्हणाले.

शोधायची पद्धत सोपी आहे. त्या माणसाच्या सेटमधून डोंगराकडे जाणारी लहर आपल्या सेटवर लावायची, सेट छातीशी धरायचा आणि जागच्या जागी सावकाश फिरायचं. आपलं शरीरच लाटा अडवतं. जिकडे पाठ केल्यावर सेटवरच्या सिग्नलच्या पट्ट्या सगळ्यांत खाली जातात, तिकडे तो माणूस असतो. म्हणजे तो सापडतो तेव्हा नेमका आपल्या पाठीमागे असतो. मी आमच्या गच्चीवर हे केलं तेव्हा अंगावर काटा आला.

पाठ पूर्वेकडे होती. गंगापूर रोडवरच्या एका सभासदाने आपल्या गच्चीवरून पाहिलं, त्यालाही पूर्वच मिळाली. आमच्या पूर्वेला कोणकोणती गावं आहेत, ते तुला मी काय सांगायचं?

तुझ्या दादाचा सेट अपघातानंतर कुठे गेला, तुला माहीत आहे का? पोलिसांकडेच राहिला असेल. जाऊ दे, उगाच विचारलं.

किशोरदादाला नमस्कार. उत्तर पाठव.

तुझी,
संजना


नाशिक रोड,
सोमवार, २ डिसेंबर २००२

प्रिय स्नेहल,

जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. मागच्या पत्रातल्या शेवटच्या दोन ओळींमुळे असेल. तरी लिहिते आहे. एक विनंती, हे पत्र मध्येच मिटू नकोस.

मी काल सायखेड्याला गेले होते.

तिथला, तुझ्या माहेरचा विषय काढायचा नाही, असं तू मला बजावलं होतंस. तू आमच्या वस्तीतल्या मुलाशी लग्न केलंस म्हणून दादाच्या अंत्यविधीच्या दिवशी तुझ्या वडिलांनी तुला उंबऱ्याबाहेर उभं केलं. "आमची पोरगी आधीच वारली, आता पोरगा वारला," असं चारचौघांत म्हणाले. आणि तुझी आई आतून बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. त्यामुळे मी हे विसरून लिहिते आहे, असं समजू नकोस.

दिवस कलताना चांदोरीकडून चालत सायखेड्याच्या पुलावर आले. सेट छातीशी धरून फिरायला लागले. सायकलवरचे एक आजोबा थांबले.

"पोरी, चक्कर आली का गं?"

"नाही बाबा, रेडिओ ऐकतेय."

"मंग उभी राहून ऐक ना. गानारा बी घाबरंल तुला."

ते गेले आणि तेवढ्यात सेटमधली खरखर थांबली. श्वास आला. मी फिरत गेले. पाठ गावाकडे झाली आणि पट्ट्या खाली गेल्या.

पुढचा रस्ता मला शोधावा लागला नाही, तो पायांना माहीत होता. तुमच्या छपरावर बांबूला बांधलेला अँटेना अजून तसाच आहे, जरा कलला आहे. त्याची वायर खिडकीतून आत गेलेली. मी दारात उभी राहिले. सेटमधून श्वास येत होता आणि तोच श्वास घरातूनही येत होता.

तुझी आई चुलीपुढे बसली होती. मांडीवर तुझ्या दादाचा सेट.

"संजी ना तू?" म्हणाल्या. मी ओसरीवरच टेकणार होते. "तिथं नको, आत ये. हितं बस, चुलीपशी." ह्या वाक्याला त्या घरात किती वर्षं लागली, हे तुला माहीत आहे.

मी वाटेत कायद्याची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. म्हटलं, "काकू, हे बटण असं दाबता येत नाही. परवाना लागतो."

"दाबता येतं की. हे बघ." आणि त्यांनी दाबून दाखवलं.

मला हसू आलं, आणि लगेच तुझा दादा म्हणाला, "नमस्कार, नाशिक रिपीटर." त्याच्या स्वतःच्या घरात. माझं हसू तिथेच राहिलं.

सेट पोलिसांनी त्याच्या कपड्यांबरोबर दिला होता. इतके दिवस ट्रंकेत होता, दसऱ्याच्या साफसफाईत निघाला. मी विचारलं, "काकू, बटण दाबता तर बोलत का नाही?"

"अश्विन म्हनायचा, आई, ह्याच्यावर बोललं का समदा जिल्हा ऐकतो. मंग जिल्ह्याला काय सांगू मी? वांगी लावली म्हनून?"

मग मी हळूच सांगायला लागले की तो आवाज यंत्रात भरून ठेवलेला आहे, अश्विन काही...

"येडी समजती का मला? टेप हाय ती. गेल्यालं मानूस बोलत नसतंय, एवढं कळतं मला."

"मग रोज कशाला...?"

"मी त्याला नाय ऐकत."

त्यांनी आवाज पूर्ण मोठा केला, बटण दाबून सोडलं आणि सेट माझ्या कानाला लावून धरला. "त्याचं झालं का मागं ऐक."

"नमस्कार, नाशिक रिपीटर." आणि मग ती किंचित खरखर. क्लबात आम्ही तीन वर्षं तिला चिपचा दोष म्हणत आलो आहोत. मनोज सरांनी त्यासाठी दोनदा डोंगर चढून सोल्डरचा डाग दिला. काकूंनी पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा मला ऐकू आलं.

"दादा, झालं का?"

स्नेहल, तो तुझा आवाज आहे. आपण शेवटच्या वर्षाला होतो. रेकॉर्डिंग तुमच्याच माजघरात केलं होतं, मी ओसरीवरून बघत होते, तू चहा घेऊन दारात उभी होतीस आणि तो हाताने तुला गप्प राहायची खूण करत होता. त्याचं बटण बंद व्हायच्या आत तू बोललीस.

"हिचं नाव घरात काढायचं नाय," काकू म्हणाल्या. "फोटू बी ठेवला नाय. वारली म्हनं. वारल्याली नाय ती. म्हनून ऐकते."

मी म्हटलं, कॅसेट भरून देते, हवी तेव्हा ऐका. नको म्हणाल्या. "कॅशेट म्हंजी डबीत ठेवल्यावानी. इथं मी दाबते, ते पार डोंगरावर जातं आन् तिकडून ती येती."

"काकांना माहीत आहे?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. "मला कुठं ते चार्जिंगला लावता येतं? ट्रंकेतून काढला तवा पयल्यांदा त्यांनीच लावला. रोज सकाळी लावत्यात आन् मळ्यात जात्यात."

आता जे लिहायचं टाळते आहे ते.

आज मनोज सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तक्रार करणार नाही. पण मी सायखेड्याला जायच्या आधीच जे ठरलं होतं ते बदलत नाही. पावसाने जुनं सर्किट गेल्यात जमा आहे. येत्या पंधरा तारखेला, रविवारी, नवं बसणार. वर जायची परवानगी त्याच दिवसाची आहे. नव्या चिपमध्ये तुझा दादा नसेल, तूही नसशील. जुनी चिप त्यात बसत नाही, मी तीनदा विचारलं. ओळख माझ्या आवाजात भरायची, असं क्लबाने ठरवलं आहे.

मी नाही म्हणणार होते. पण सिंहस्थात हरवलेली माणसं ह्याच यंत्रावरून शोधायची आहेत, आणि आपल्या दुःखासाठी हवेतली लहर अडवून ठेवायची नाही, हे मला मनापासून पटतं. म्हणून हो म्हटलं. शाळेतून आल्यापासून सराव करते आहे. तीन शब्द आहेत. दुसऱ्या शब्दाला थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अश्विन ते किती सहज म्हणून गेला.

मी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर असते, असं तुला लिहिलं होतं. ते खरं नाही. ह्यापुढे काही विचारू नकोस.

त्या रविवारपासून काकू बटण दाबतील तेव्हा माझा आवाज येईल. त्याच्या मागे कुणी नसेल. हे मी त्यांना कालच निघताना सांगितलं. त्यांनी सेट मांडीवरून खाली ठेवला, पदराने पुसला आणि मला चहा दिला.

स्टँडवर एसटीची वाट बघत होते तेव्हा तुझे वडील मळ्याकडून आले. त्या दिवसानंतर ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत. चार हात लांब उभे राहिले. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "भुसावळला पत्र टाकती का?"

"हो, काका."

एक ट्रॅक्टर गेला. मग म्हणाले, "तिकडून सकाळची पॅसिंजर निफाडला थांबती का अजून?"

"मला माहीत नाही."

"थांबती," ते म्हणाले. "मी बघून आलो."

एसटी आली. मी चढले, खिडकीतून पाहिलं, तरी ते तिथेच उभे होते.

मी तुला ये म्हणत नाही. तो शब्द त्या घराने म्हणायचा आहे आणि त्या घराला तो म्हणता येत नाही. आपल्याला शिकवलं होतं ना, निरोप जसा मिळाला तसाच पुढे द्यायचा, पदरचं काही घालायचं नाही. जेवढं मिळालं तेवढं दिलं. तुझ्या मनात राग असेल तर तो खोटा आहे, असं मी म्हणणार नाही. तो दिवस मी पाहिला आहे.

पंधरा तारखेला मी सकाळपासून सायखेड्यात असेन. काकूंच्या शेजारी एवढ्यासाठी बसेन की पहिल्यांदा माझा आवाज येईल तेव्हा त्या एकट्या नसाव्यात. दुसऱ्या बाजूची जागा मोकळी आहे.

तुझ्या घरून आलेली,
संजना