शेवंताच्या हाताचे कोर्ट

प्रति,
मेहेरबान सेक्रेटरी साहेब,
टेनिस क्लब, मुक्काम परळ, मुंबई.

विषय : कोर्टाची शनिवारची परीक्षा मंगळवारी घेण्याविषयी.
संदर्भ : हुजुरांचा कालचा तोंडी हुकूम.

महोदय,

१. अर्जदार क्लबाच्या मैदानाचा मुकादम आहे. मुरूम ठोकून वर शेणमातीने कोर्ट सारवणे हे काम अर्जदाराच्या घरच्या बायका करतात. गेल्या महिन्यात शेवटच्या सामन्यात चेंडू मंद पडला, कप्तानसाहेब हरले, आणि अर्जदाराने लाच खाऊन कोर्ट बिघडवले असा ठपका आला. शनिवारी कमिटीपुढे कोर्ट पूर्वीसारखे जलद न निघाल्यास मुकादमी जाणार, खोली जाणार आणि पोलिसांत वर्दी जाणार.

२. मुरूम तोच, शेण त्याच गोठ्यातले; फरक हाताचा आहे. अर्जदाराची बायको शेवंता घरची ओटी सारवावी तसे पातळ सारवते व वाळत आले की गोट्याने घोटते. त्यावर चेंडू घसरून खालून सपकन जातो. थोरली भावजय काशीबाई हिचा हात कोकणातल्या खळ्यावर बसलेला. तिचे सारवण जाड व खरबरीत. त्यात चेंडू अडतो, उंच उडतो आणि सावकाश येतो. घोटायला सांगितले तर म्हणते, "माझ्या खळ्यावर दाणा कधी घसरला नाही. साहेबाचा चेंडू घसरलाच पाहिजे, हा कुठला नेम?"

३. आता सामन्याआधी शेवंताऐवजी काशीबाईने का सारवले, हे लिहिताना मान खाली जाते. शेवंता दूर बसली होती. त्या चार दिवसांत ती शेणाला शिवत नाही. हेडक्लार्कांना हे कानात सांगितले, तर ते हसले आणि हुजुरांना "बाई आजारी" एवढेच बोलले. हुजुरांनी दया करून पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेब धाडले. त्यांनी प्रकृती ठणठणीत असा दाखला दिला, आणि अर्जदार खोटारडा ठरला.

४. अर्जदाराने स्वतः एक कोपरा सारवून पाहिला. तिथे चेंडू उसळला नाही, बसला.

५. आज सकाळी शेवंता पुन्हा दूर बसली. हातापाया पडलो. ती दारामागून म्हणाली, "खोली गेली तर दुसरी बघू. पण ह्या दिवसांत शेणात हात घालायचा नाही. साहेबाला कळत नसेल तर त्याच्या मडमेला विचार म्हणावं!"

६. तरी ती सोमवारी सारवील व मंगळवारी कोर्ट पाहावे, इतकी मेहेरबानी व्हावी. पुढे सामन्यांच्या तारखा छापण्याआधी एकवार अर्जदाराच्या घरी विचारणा व्हावी. आणि हा कागद हेडक्लार्कांकडून वाचून न घेता मडमसाहेबांच्या हाती द्यावा. त्यांना मराठी येत नसल्यास त्यांच्या आयेने सांगावे. पुरुषांना सांगून अर्जदार थकला.

हुजुरांच्या हुकमाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र सेवक,
गुणाजी, मुकादम
परळ, गुरुवार, ता. १५ माहे नोव्हेंबर सन १८९४

सोबत : शेवंताची प्रकृती ठणठणीत असल्याबद्दल डॉक्टरसाहेबांचा दाखला. तो खरा आहे.