क्लचचं तेल आणि अप्पांचं ‘व्हय’

४ मार्च
डोझर आज परत मागे घसरला. सकाळी थंड असतो तोवर गुणी बाळ. दुपारी तापला की इंजिन बोंबलतं आणि चेन जागची हलत नाही. ईट गावाच्या पुढं पाझर तलावाच्या बांधाचं काम, उतार चांगलाच उभा, खाली नुसते दगड. मल्लू वर चढवत होता, अर्ध्यात क्लचनं सोडलं. ब्लेड जमिनीत रोवलं म्हणून थांबला. जेवताना हसून सांगत होता. या धाकट्या भावाला भीती कशी ती नाहीच.

५ मार्च
तेलाचंच आहे हे. अप्पांच्या बॅरलमधलं संपलं, तर मल्लूनं इंजिन ऑइल ओतलं. तेही भारीतलं, मशीनवर प्रेम म्हणून! बॅरलवर नाव नाही, काही नाही. अप्पा कुठलं तेल आणायचे, कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, तू कामांचं बुकिंग बघ. आता दसऱ्यापासून अंथरुणाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एक ‘व्हय’ तेवढं राहिलंय.

७ मार्च
धाराशिवला रशीदचाचांकडे. अप्पांचे जुने दोस्त, असल्या मशीन खोलण्यात जन्म गेला. इंजिन ऑइल म्हटल्यावर कपाळाला हात लावला. “आरं, यो क्लच तेलातच बुडलेला असतुय. तुमचं त्याल लई चिकनं. प्लेटा एकमेकीला धरतील कशा?”
मग कुठलं घालू? तर म्हणे प्लेटा कागदी असतील तर ओल्या ब्रेकचं तेल, पितळी असतील तर साधं तीस नंबर. उलटं झालं तर परत तेच, उतारावर भरवसा नाही. उघडून बघायचं तर मशीन आठवडाभर पडून. तिकडं तलावाचा साहेब रोज फोनवर खेकसतोय.
“प्लेटा तुज्या बापानंच बसवल्यात. घरीच इचार की.” दोन्ही तेलं थोडी थोडी बाटल्यांत दिली. घरी विचार म्हणे. चाचा दसऱ्यानंतर आमच्याकडे आलेले नाहीत, अप्पांची वाचा गेल्याचं त्यांना माहीतच नाही.

८ मार्च
विचारलं. मल्लू खाटेच्या कडेला बसलेला, आई चुलीपाशी.
“अप्पा, क्लचच्या प्लेटा कागदी हायत का?”
“व्हय.”
मल्लू ताडकन उठला. “बघ दादा, कागदीच! म्हनलं न्हवतं?” गेला गाडी घेऊन ब्रेकचं तेल आणायला.
मी तिथंच. विचारायला नको होतं, पण विचारलं. हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं.
“का पितळी हायत, अप्पा?”
“व्हय.”
तेच डोळे, तोच सूर.

९ मार्च
आई देवळात गेलेली बघून बाटल्या काढल्या. अप्पा तेल बोटावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, वास घ्यायचे. म्हटलं शब्द गेले असतील, बोटं विसरणार नाहीत. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर थोडं तेल घातलं. बराच वेळ बघत राहिले. मग त्याच हातानं लुळा उजवा हात उचलून माझ्यापुढं केला.
मालिशसाठी. आई रोज सकाळी करते तशी.
बाटलीतलं पुसून टाकलं आणि तिळाचं तेल आणून हात चोळून दिला. रडू आलं. त्यांनी बघितलं, काही वाटलं असेल असं दिसलं नाही.

१० मार्च
मल्लूनं घरापुढं उभ्या डोझरमध्ये नवं तेल भरलं. उद्या थेट बांधावर. मी म्हटलं आधी खोलून बघू. भडकला. “अप्पांनी सांगितलंय की. त्यांच्यावर बी इश्वास न्हाय का तुजा?”
खरं सांगायला तोंड उघडलं, तर आई दारात. तिचं एकच, त्यांना समदं कळतंय. रोज हात चोळताना घरातलं सगळं त्यांच्या कानावर घालते. वासरू विकलं ते याच व्हयवर. व्याह्यांना होकार कळवला तोही. तिला कसं सांगू, की तू इतके दिवस एकटीच बोलते आहेस? बुकिंगची वही काढून बसलो. आणि मल्लू घसरला तर? भित्रा म्हणजे मीच.

११ मार्च
सकाळी मल्लू किल्ली घेऊन अप्पांच्या पाया पडायला आला. “अप्पा, बांधावर घालू ना डोझर?”
“व्हय.”
निघाला. मी दारात आडवा आलो. म्हटलं, आता उलटं विचार.
“म्हंजी?”
“इचार. घालू नको ना, म्हन.”
हसत वळला. “अप्पा, घालू नको ना?”
“व्हय.”
मल्लूचं हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, काढायचं सुचेना त्याला. आई तेलाची वाटी घेऊन उभी. तिनं आमच्या दोघांकडे बघितलंही नाही. खाटेवर बसली, अप्पांचा हात मांडीवर घेतला. “दमलेत ते. मागनं इचारा,” म्हणाली आणि चोळायला लागली. पण रोजच्यासारखं बोलली नाही त्यांच्याशी काही.
मल्लू बाहेर गेला. किल्ली त्याच्याकडेच आहे. मी पडवीत बसून हे लिहितोय, कान तिकडं. इंजिन सुरू झाल्याचा आवाज अजून नाही. क्लच खोलायला पाना पेटीतून काढल्याचाही नाही.