टरबुजांच्या वेलांत उभ्या होडीचा विमा

तलवाडा, ता. गेवराई, जि. बीड

सन्माननीय व्याही श्री. रामकिसनराव यांना,

धर्मराज सानप याचा सादर नमस्कार. (‘सा. न. वि. वि.’ असे लिहून नमस्कारातही काटकसर करणाऱ्यांपैकी मी नव्हे.) विहीणबाईंच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल, चि. दिपाली व जावईबापू सुखरूप असतील, अशी आशा करतो. येथील सर्व क्षेम आहे. हे शेवटचे वाक्य केवळ रीतीखातर लिहिले आहे. पुढील मजकूर वाचल्यावर आपण त्यावर विश्वास ठेवू नये.

दसऱ्यानंतर माझ्या पंच्याहत्तरीस इतर सोयऱ्यांनी टॉवेल-टोपीचा आहेर आणला, आणि आपण, नौदलातून निवृत्त होऊन उरणच्या खाडीकाठी स्थायिक झालेले गृहस्थ, टेम्पोत घालून शिडाची होडी आणलीत. आमचा तलाव तेव्हा काठोकाठ भरला होता. आपण शीड उभारून एक फेरी मारून दाखविली, होडी काठावरच्या बाभळीला बांधली आणि जाताना बजावलेत की, विमा उतरविल्याशिवाय हिला हात लावू नये. माझ्या आजच्या संतापाचे मूळ या उपदेशात आहे. व्याह्याचा आहेर परत करता येत नाही, आणि व्याही दारी आला असता त्याने दिलेले वस्त्र अंगावर नसेल तर तो त्याचा अपमान ठरतो, हे आपणांस माझ्याइतकेच ठाऊक आहे. आता आखितीला (शुद्ध शब्दांत, अक्षय्य तृतीयेला) आपण सहकुटुंब येणार. टोपी दिली असतीत तर ती घालून मी फाट्यावर उभा राहिलो असतो. होडी अंगावर कशी घालावी, ते आपणच कळवावे.

विम्याचे काम मी भागवत नावाच्या माझ्या माजी विद्यार्थ्याकडे सोपविले. तो तालुक्यातील म्हशी, ट्रॅक्टर आणि माणसे यांचे विमे याच क्रमाने उतरवितो. पहिल्या दिवशी तो बिल्ला आणि पक्कड घेऊनच आला. “जनावराच्या विम्यात लई झंझट न्हाई, गुरुजी. कानात बिल्ला मारायचा, फोटो काढायचा. हिला कुठं मारू तेवढं सांगा.” होडीस कान नसतात, असे मी त्यास सांगितले, तरीही त्याने खात्रीसाठी तिच्याभोवती एक फेरी मारली. दुसऱ्या खेपेस तिला ट्रॅक्टरची ट्रॉली म्हणून दाखविण्याचा त्याचा विचार होता. चाके कोठे आहेत, असे विचारताच “ट्रॉलीची तरी कोण बघतंय?” असे उत्तर मिळाले. (यास मी मराठी शिकविले, तर्कशास्त्र नव्हे.)

अखेरीस त्याने मुंबईहून खऱ्या होडीविम्याचा मसुदा मागविला. मी तो शिक्षकाच्या डोळ्यांनी वाचला आणि घरातली तांबडी शाई संपली. होडी किनाऱ्यापासून किती दूर न्याल, या प्रश्नाला मी ‘समुद्राच्या उलट दिशेने, बीड जिल्ह्यापर्यंत’ असे उत्तर लिहिले. समुद्री चाच्यांपासून संरक्षण जादा हप्त्यात मिळत होते. मी नको म्हटले, तर भागवत म्हणाला, “असू द्या गुरुजी, औंदा पंचायतीची निवडणूक हाय.” वादळ, खडक, बुडणे या साऱ्यांची सोय त्या मसुद्यात होती. परंतु उरणला होडी पाणी सोडून जाते आणि आमच्याकडे पाणी होडी सोडून जाते, याविषयी त्यात चकार शब्द नव्हता. ते कलम घाला, आणि शुद्ध मराठीत घाला, असा आग्रह मी धरला. असे कधी घडत नाही, असे कंपनीने कळविले. मी सविस्तर खंडन पाठविले. त्यांनी पुन्हा नाकारले, मी पुन्हा खंडन केले, आणि हा पत्रव्यवहार चालू असतानाच ते घडले.

तलाव ओसरला की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात येथील गरीब माणसे टरबुजे व काकड्या लावतात. यास आम्ही गाळपेर म्हणतो. बाभळीखालचा गाळ दरवर्षी बायनाबाईचा असतो. थंडीतापाने अंथरूण धरल्यामुळे काही काळ मी तिकडे फिरकलो नव्हतो. गेलो तेव्हा पाणी पार पलीकडे चमकत होते, होडी वेलांच्या मध्यभागी उभी होती, आणि एक वेल डोलकाठीवर चढला होता. मी ट्रॅक्टर बोलावला. बायनाबाई त्याच्या आडवी उभी राहिली. “नाव तुमची आसंल, गुरुजी, पण खालचा गाळ माझाय. टरबुजं उतरंपर्यंत हालवायची न्हाई. येल तुटला तर भरून कोण देणार?” मी भागवताकडे पाहिले. तो म्हणाला, पाण्यात नाही म्हणून होडीचा विमा लागू होत नाही आणि चाके नाहीत म्हणून गाडीचा. “मग ही आहे तरी कोण?” असे मी गरजलो. “सध्या तरी बुजगावणं हाय, गुरुजी.”

व्याह्याचा आहेर आणि बुजगावणे. सबब आपण आखितीची भेट तलाव भरेपर्यंत पुढे ढकलावी, हे मी कोणतीही भीड न ठेवता कळवितो.

आपला नम्र, तथापि संतप्त,
धर्मराज सानप
(सेवानिवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. – आमच्या सौ. मुक्ताबाईने विहीणबाईंना फोनवरून आखितीचे निमंत्रण पक्के करून टाकले आहे, आणि तेही मला न विचारता. म्हणून वरील शेवटचे वाक्य रद्द समजावे. ते खोडले असते, परंतु पत्रात खाडाखोड मी सहन करीत नाही.

दुसरा ता. क. – पत्र टाकायला निघालो तोच भागवत आला. बायनाबाईने शिडाचा मांडव करून होडीत टरबुजांची विक्री मांडली आहे, आणि त्या आधारावर याने होडीचा विमा ‘दुकान’ म्हणून मंजूर करून आणला. आग, चोरी, गिऱ्हाइकास झालेली इजा, सर्व काही त्यात आहे. मी सही केली. आपला आहेर वापरात आहे. आपणांस त्यातच बसवून टरबूज कापीन. मात्र पाण्याशी संबंध आल्यास हा विमा तत्काळ रद्द होतो, तेव्हा गावात कोणी विचारले तरी ही वस्तू तरंगते, हे आपण बोलू नये. येताना आणखी एक शीड आणावे. दुपारनंतर गिऱ्हाइकांच्या डोक्यावर ऊन येते.