उन्हात मोजलेली हवा

प्रिय मोनू,

फोनवर जीपचं नाव काढलं की तुझी रेंज जाते. बरोबर जीपच्याच नावाला कशी जाते गं? म्हणून हे पत्र. कागद मधेच कट होत नाही. आता नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. शेवटचं पान आधी बघायची तुझी जुनी खोड आहे, ती आजच्या दिवस आवर.

आधी घरचं सांगते. दुकान बरं चाललंय. तुझे अप्पा सकाळी कॉम्प्रेसर सुरू करतात आणि दिवसभर गारखेड्यातल्या गाड्यांत हवा भरत बसतात. कमी हवेवर गाडी पळवणारा कुणी आला की त्याची अशी खरडपट्टी काढतात, जणू त्यानं घरच्या म्हाताऱ्या आईलाच उपाशी ठेवलंय. शेजारची गोजरबाई रोज विचारते, मोनिकाला कधी आणताय परत, वाळवंटात पोरीचं काय काम? तू जैसलमेरला कॅम्पवर आलेल्या पाहुण्यांना जीपमधून वाळूवर फिरवायला लागलीस तेव्हा, पोरीच्या डोक्यात हवा गेली, असं गल्लीभर सांगत फिरणारी हीच बाई. मी तिला चहा देते आणि विषय बदलते.

दिवाळीनंतर तुझी वाळूत उलटलेली जीप ट्रकवरून घरी आली. एक बाजू चेपलेली आणि सीटच्या फटीफटीत वाळू. तुझं मनगट मोडलं, पाहुण्यांना नुसतं खरचटलं, म्हणून देवाचे आभार मानले गं, पण ती जीप बघून मला रडूच आलं. अप्पांनी ती नीट केली, वर ताडपत्री टाकली आणि विकायची म्हणून जाहीर केलं. दुसरं काही बोललेच नाहीत. बजाजनगरचा एक माणूस बघायला आला. अप्पा आत गेल्यावर मी त्याला हळूच सांगितलं की इंजिन लई तेल पितं. तो परत फिरकला नाही. खोटं बोलले, व्हय. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तिकडं तुझं मनगट भरून आलं, पण तू स्टिअरिंगला हात लावेनास. कॅम्पच्या ऑफिसात बसून पाहुण्यांची बुकिंगं घेतेस आणि मला सांगतेस, बरं चाललंय. बरं चाललेल्या माणसाचा आवाज मला कळत नाही का? शाळेपासून अप्पांच्या मांडीवर बसून गाडीचं चाक फिरवणारी पोर तू. तू नक्की कशाला भितेस हे मला समजून घ्यायचं होतं. म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. हस खुशाल. शिकवणारा पोरगा मला पहिले काही दिवस मावशी म्हणायचा, नंतर घाबरून मॅडम म्हणायला लागला.

महाशिवरात्रीला गंगापूरला माहेरी गेलो, ते मी हट्टानं तुझी जीप काढायला लावली. कडुबामामाच्या शेताखाली गंगेचं, आपल्या गोदावरीचं, पात्र आता बरंच उघडं पडलंय. मी जीप तशीच वाळूत घातली आणि बघता बघता चाकं अर्धी आत. जितकी रेस द्यावी तितकी खाली. कडुबा ट्रॅक्टर आणायला निघाला. तेव्हा मला तुझं बोलणं आठवलं. तू सांगायचीस ना, आई, वाळूत हवा कमी करावी लागते, टायर पसरतो आणि गाडी वर राहते. पस्तीसची पंधरा-सोळा करायची. मी अप्पांना हवा काढा म्हटलं. ते टायरपाशी बसले, व्हॉल्वचं टोपण काढलं, पण पुढं हात चालेना. जन्मभर हवा भरलेला माणूस तो. शिवाय कमी हवेनंच पोरीचा घात केला, असं मनात धरून बसलेला. शेवटी मीच खाली बसून पिन दाबली. चारही टायरांची हवा सूंऽऽ करत उतरली, टायर धपाट्यासारखे पसरले आणि जीप हळूच, कसलाही आडदांडपणा न करता बाहेर आली. मी आनंदानं किंचाळले. माझ्या भावानं मला असं किंचाळताना लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

अप्पा मात्र तिथंच बसून राहिले. मग त्यांनी मला विचारलं, त्या दिवशी मोनूनं हवा कधी मोजली होती? मी म्हटलं, भर दुपारी, आणि गाडी पडली ती दिवस मावळल्यावर. दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन परत तिथंच गेले. तापल्या उन्हात टायर पंधरावर आणून जीप दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी गार वारं सुटल्यावर मोजली तर हवा बारावर आलेली. मग स्वतः जीपमध्ये बसले, उतारावर हळू नेली आणि मुद्दाम झटक्यात वळवली. टायर रिंगवरून उतरला. अगदी त्या दिवशी तुझा उतरला तसाच. खाली उतरून ते त्या टायरावर हात ठेवून बसले आणि मला म्हणाले, वच्छला, पोरीला गाडी येत नाही असं काही नाही. उन्हात मोजलेली हवा गारव्यात उतरली आणि वळण जरा तिरकं बसलं. एवढंच झालं. मग माझ्यासमोर रडले. तुझ्या अपघाताबद्दल ते पहिल्यांदाच बोलले, मोनू.

हे सगळं कशासाठी लिहिते ते आता ऐक. जीप विकलेली नाही. होळी झाली की आम्ही दोघं तीच घेऊन तुझ्याकडं यायला निघतोय. डांबरावर अप्पा चालवतील. रस्ता संपून वाळू लागते तिथं चारही टायरांची हवा मी काढीन, सूर्य कलल्यावर, टायर गार झाल्यावर मोजून. मग मी मागच्या सीटवर बसेन आणि अप्पा तुझ्या शेजारी. माझी पोरगी वाळूचा डोंगर कसा चढते ते मी अजून बघितलंच नाही, असं म्हणाले ते. चावी फिरवायला वेळ लागला तर लागू दे, मला काही घाई नाही. अगदीच नाही जमलं तर तिथंच बसून धपाटे खाऊ आणि दुसऱ्या दिवशी परत बघू. कॉम्प्रेसर बरोबर आणतोय. गेलेली हवा परत भरायचं काम तुझ्या अप्पांचं, आणि ते त्यांना चांगलं येतं.

तुझीच,
आता लायसनवाली झालेली,
आई