बाबांनी मागे घेतलेला प्याला

मंगळवार, ९ जून

रविवारी लिहिलं ते खोटं आहे. 'आत्या प्यायली नाही, रांगेतून परत फिरली' असं मी लिहिलं. ती फिरली नाही. तिला फिरवलं. बाबांनी प्याला मागे घेतला!

ते वाक्य खोडत नाही. खोटं लिहिलं ना? मग दिसू दे.

झालं ते असं. मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, एरवी द्राक्षारसाचे दोन प्याले असतात. डावीकडचा शाळेचे मास्तर धरतात, उजवीकडचा बाबा. आत्या नेहमी डावीकडे जाते. रविवारी मास्तरांना ताप, म्हणून एकच प्याला, एकच रांग. आत्या माझ्या पुढे. तिने फादरांकडून भाकर घेतली, सरकली, हात पुढे केले. बाबांनी प्याला छातीशी धरला. फडक्याने कड पुसली. पुन्हा पुसली. नजर तिच्या डोक्यावरून थेट माझ्यावर.

"दादा, दे ना," ती म्हणाली. अगदी हळू.

बाबांनी प्याला तसाच धरून ठेवला. ती बाजूला झाली. मग मी.

"ख्रिस्ताचे रक्त."

"आमेन."

आणि मी प्यायले! वर काळजी कसली, तर ओठावर थेंब राहिला नाही ना! आत्या दोन पावलांवर उभी होती.

बुधवार, १० जून

राग येतो. मग राग आला म्हणून भीती वाटते. मग भीती वाटली म्हणून पुन्हा राग.

दहा वर्षांची होईपर्यंत बाबाच माझी शाळा. चष्म्याच्या दुकानामागची खोली, काचा घासायचं यंत्र घरघरतंय, आणि मी पाढे, शुद्धलेखन, बायबल. बाबा म्हणतील ते खरं. माझ्या हाडांत ते अजून तसंच आहे.

आजी गेली तेव्हा मी तेरा वर्षांची. तिचा श्वास यंत्रावर चालला होता. डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही. बाबा काचा आणायला परगावी. आत्याने सही केली, यंत्र काढलं. बाबा आले तेव्हा सगळं संपलेलं. "हिने माझ्या आईला मारलं." एवढंच म्हणाले.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला टेबलाभोवती बसवलं. बायबलातल्या निर्गमाचा चोविसावा अध्याय वाचला. मोशेने बैलांचं रक्त अर्धं वेदीवर, अर्धं लोकांवर शिंपडलं – कराराचं रक्त. मग आईची शिवणाची सुई. प्रत्येकाचं बोट, कागदावर एकेक थेंब. आत्याशी मरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही! धाकटा भाऊ सात वर्षांचा, त्याने भोकाड पसरलं. मी नाही रडले. मी विचारलं, "बाबा, थेंब लहान पडलाय, चालेल?"

अकरा वर्षं. आत्या समोरून आली की मी रस्ता ओलांडते.

आज डब्याच्या सुट्टीत तो अध्याय पुन्हा वाचला. बाबा शिंपडण्यापाशी थांबले होते. पुढे आहे की! ती माणसं डोंगरावर गेली, त्यांनी देवाला पाहिलं – आणि जेवली, प्यायली. त्यासाठी होतं ते रक्त. एका पंगतीला बसवायला. बाबांना हे माहीत नव्हतं? ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांना?

मी काम करते त्या रक्तपेढीत दिवसभर माणसं येतात, बाही वर करतात, हाताशी चेंडू दाबतात. कोणाला जाणार, हे कोणी विचारत नाही. मी पिशव्यांवर गटाच्या चिठ्ठ्या लावते. आज एक चिठ्ठी पाच वेळा तपासली. मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, लाव ती एकदाची! पिशवीला काय बघायला येणारेत?" सगळे हसले. मला रडू आलं.

गुरुवार, ११ जून

फादरांना सांगितलं. पापनिवेदनात नाही, ते गुपित राहतं; मुद्दाम चर्चमागच्या खोलीत, उभ्याउभ्या. नंतर 'मला यावर बोलता येत नाही' म्हणायची सोय नको.

ते म्हणाले, "पोरी, ज्या रक्ताने करार झाला ते एकदाच सांडलं. त्यात तुझ्या वडलांच्या सुईची भर लागत नाही. आणि वाईट करायची शपथ बांधतच नाही. पाळली तर पाप."

"मग मोडली तर?"

"तर सुटलीस."

इतकं सोपं! मग मी विचारलं, "आत्या अकरा वर्षं डावीकडे जाते, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं." मान खाली. "वाटलं, घरचं आहे."

घरचं! वेदीपासून चार हातांवर, आणि घरचं! मी फादरांवर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. पापात धरायचं तर धरा.

त्यांनी झग्याची घडी घातली. मग म्हणाले, "मास्तर अजून आजारीच आहेत. रविवारी एकच प्याला. वडलांऐवजी तू धरशील?"

मी नाही म्हटलं. बाबांचा प्याला मी कसा धरू?

शुक्रवार, १२ जून

बाबांना विचारलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"प्याला देताना 'ख्रिस्ताचे रक्त' म्हणावं लागतं," ते म्हणाले. "तिच्याकडे बघून. म्हणजे तिच्याशी बोलणंच झालं ना? देवासमोर शपथ घेतलीय. मी काय करणार होतो?"

डोळे घाबरलेले. मला वाटलं होतं, ते ताठ्यात बोलतील. हा तर माझाच आवाज! कीव आली, आणि त्या किवेचाच संताप आला.

"बाबा, तुमची शपथ पाळायला तुम्ही देवाला मागे घेतलंत!"

त्यांनी यंत्र चालू केलं. ऐकू येऊ नये म्हणून.

आत गेले तर आई भांडी विसळत होती. मागे न वळता म्हणाली, "मी बोट टोचलंच नव्हतं."

"काय?"

"धाकट्याचं वाहतच होतं. त्यातलंच लावलं. दर बुधवारी फोन करते मी तिला."

अकरा वर्षं! "मला का नाही सांगितलंस?"

"तू बाबांना जाऊन सांगितलं असतंस, बाळ."

सांगितलं असतं. हेच सगळ्यात जास्त झोंबलं.

तशीच फादरांकडे गेले. म्हटलं, धरते.

शनिवार, १३ जून

चर्चच्या दारावर उद्याच्या कामांची यादी लागली. प्याल्यापुढे माझं नाव. बाबांनी वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. माझ्याशी बोलले नाहीत. आईने आत्याला कळवलं, येणार आहे.

बाबा रांगेत आले तर त्यांनाही देईन.

आत्याशी माझे पहिले शब्द 'ख्रिस्ताचे रक्त' असतील. उद्या, रविवार, १४ जून. सकाळी साडेसात.