चिमटीतली पानं

शिरूर, डिसेंबर २००९. गुरुवार, दिवेलागण.

पुतण्या मिलिंदने अमेरिकेहून पुस्तकं वाचायचं यंत्र आणलंय. शाळेच्या पाटीएवढं. माझ्या जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून त्यात घातले आणि अक्षरं हरभऱ्याएवढी करून दिली. भिंग न लावता वाचलं मी! खोटं कशाला बोलू, जीव हरखला.

पण विहाराच्या पायरीवर रोज माझं वाचन ऐकायला येणारी पारूबाई हिरमुसली. तिला अक्षरओळख नाही. वाचून झालं की ती पुस्तक मागून घेते, उरलेली पानं चिमटीत धरते आणि म्हणते, "एवढंच राहिलं व्हय!" आज यंत्र हातात घेऊन तिनं उलटंपालटं केलं. चिमटीत धरणार काय?

मिलिंद म्हणाला, "मावशे, किती झालं त्याचा आकडा खाली येतो की."

"आकडा कळत असता तर ह्या म्हाताऱ्याची बडबड ऐकाया आले असते व्हय रं?"

पायरीवरचे सगळे हसले. मीही. मग मी यंत्रावरून वाचलं आणि कागदी पुस्तक तिच्या मांडीवर दिलं. मी 'उलट' म्हणालो की ती पान उलटायची. शेवटी चिमूट धरली. आजचं निभावलं.

पण मिलिंद म्हणतो, पुढं पुढं कागदावर छापणंच बंद होईल. होईल का खरंच? माझ्या डोळ्यांची सोय झाली. पण जे पुस्तक छापलंच नाही, त्याचं तिच्या मांडीवर काय ठेवू?